पिवळ्या दिवशीच्या दोन हेमांगी

आमच्या हेमांगीला नाही म्हणता येत नाही. तिच्या लग्नात दोन पार्लरवाल्या आल्या होत्या, कारण तिने दोघींनाही हो म्हणून ठेवलं होतं. मग एकीने केस घेतले, दुसरीने चेहरा घेतला, आणि भुवया कोणाच्या यावरून दोघींचं असं जुंपलं की नवरी मांडवात आली ती एक भुवई कोरलेली आणि एक देवाने दिली तशी. अल्बममध्ये अजून दिसतं. तरी हसतेय.

ही माझी धाकटी जाऊ. डोंबिवलीला मोठागावात, खाडीच्या अंगाला आमचं घर. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सरस्वती त्यांचं नाव, बाजारात मासळीची पाटी घेऊन बसतात. हेमांगीचा नवरा रतन टेम्पो चालवतो. आमच्या घरातून ऑफिसात नोकरीला लागलेली पहिली बाई म्हणजे हेमांगी. गल्लीतल्या पोरींना आया सांगतात, "शिकायचं तर हेमांगीसारखं शिक." आई तर गिऱ्हाइकाला सुरमई कापता कापता सांगतात, "माजी सून लॅपटापवर बसते."

ठाण्याच्या कंपनीत ती सहा वर्षं होती. हॉस्पिटलांची बिलं विम्यासाठी तपासायची, घरी बसून. गेल्या वर्षी तिथे माणसं कमी करणार अशी बोलवा उठली, म्हणून तिने शीळफाट्याजवळच्या एका कंपनीत अर्ज टाकला. कुकरच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, तेही घरूनच. त्यांनी विचारलं, येणार ना? ही म्हणाली, हो. त्याच आठवड्यात ठाण्याच्या दक्षता मॅडमचा फोन, "हेमांगी, तुझं नाव मी यादीतून काढून घेतलंय. राहतेस ना?" ही म्हणाली, हो.

झालं. डायनिंग टेबलवर दोन लॅपटॉप. ठाण्याचा तो आईंच्या भाषेत थोरली, कुकरचा तो धाकटी. दोन्हीकडची मीटिंग अकरालाच. एका कानात एक, दुसऱ्या कानात दुसरी, आणि हातात इस्त्री, कारण कपडेही तेव्हाच उरकायचे. एकदा मी देवासमोर बसलेय, आणि मागून हिचा आवाज, "सर, पेशंटची शिट्टी होत नसेल तर रिंग बदलून बघायला सांगा." मी पोथी मिटली. हसत हसत कुठलं वाचन होणार?

हसायचो खरे, पण हे कायद्यात बसतं का, ते मला कळेना. गणपतीला माझा भाऊ नयन आला होता. तो कल्याणला कंपन्यांच्या कामगार-कायद्याची कागदपत्रं बघतो. मी त्याच्यापुढे मोदक ठेवले आणि विचारलं.

"तुरुंगात कोणी नाही टाकणार तिला," तो म्हणाला. "कारखान्यातल्या कामगाराला एकाच दिवशी दोन ठिकाणी राबायला कायद्याचीच आडकाठी आहे. ऑफिसवाल्यांचं एवढं सरळ नाही, तिथे सही केलेलं पत्र बघायचं. हेमांगी, आण पत्रं."

तिने दोन्ही आणली.

"हे वाच. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय दुसरीकडे कुठेही नोकरी करणार नाही. खाली सही कोणाची?"

"माझी."

"आणि या दुसऱ्यात?"

"तीच ओळ. सहीपण माझीच. यात जरा बरी आलीय ना?"

नयनने मोदक खाली ठेवला. "अगं बाई, तुझा पीएफ दोन्हीकडून एकाच नंबरावर जमा होतोय. कोणी उघडून बघितलं की दोन्ही कंपन्यांची नावं एकाखाली एक. दोन्हीकडून काढतील. अनुभवाचं पत्र देणार नाहीत. पुढे कुठे लागायला गेलीस की ते जुन्या ठिकाणी चौकशी करतात, तिथे कळेल फसवून गेलेली आहे. इकडचे कागद तिकडे दिले असा आळ आला तर कोर्टाच्या पायऱ्या वेगळ्या. एक सोड."

"हो," हेमांगी म्हणाली. नयनलाही हो. आणि सोडली एकही नाही.

मला पगार जाण्याची एवढी भीती नव्हती. पण जिच्याकडे बोट दाखवून गल्लीतल्या पोरींना अभ्यासाला बसवतात, तिच्या नावापुढे फसवी असं लागलं तर? सहा वर्षांचं काम एका ओळीत पुसून जाणार. मी देवीपुढे एवढंच म्हणायचे, हिला एकदा नाही म्हणता येऊ दे.

नवरात्र आलं. पेपरात रोज त्या दिवसाच्या रंगाच्या साड्या नेसलेल्या बायकांचे फोटो येतात, ते पाठवायची हौस दोन्ही ऑफिसांना. फोटो आदल्या दिवशी काढून पाठवायचा असतो. पिवळ्या रंगासाठी दक्षता मॅडमनी सांगितलं, सकाळी दहाला ऑफिसात ये. हो. शीळफाट्याच्या मधु सरांनी सांगितलं, दुपारी एकला ये. हो.

पिवळी साडी एकच. तिच्या पदरावर इस्त्रीचा तपकिरी डाग, कुठल्यातरी अकराच्या मीटिंगमधला. ठाण्याचा फोटो झाला आणि हिला रिक्षाच मिळेना. नवरात्रात मासळीला उठाव नसतो, म्हणून रतन तेव्हा टेम्पोतून झेंडू वाहत होता. त्याने हिला बसवलं. पुढच्या सीटवरही पोती, हिच्या मांडीवरही पोतं. शीळफाट्याला गाड्या जागच्या हलेनात, ऊन मी म्हणतंय, काच खाली, आणि एक पोतं फाटलं. ही कुकरच्या ऑफिसात पोचली ती डोक्यापासून पायापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांत. तिथल्या बायका म्हणाल्या, "किती मस्त सजलीस गं!" आणि सगळ्यांनी हिच्याच अंगावरची फुलं काढून आपापल्या केसांत खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घटाला माळ घातली, पेपर उघडला आणि हेमांगीला हाक मारली. पान पिवळंधमक. वरचा फोटो ठाण्याची कंपनी, उजवीकडून दुसरी हेमांगी. खालचा फोटो कुकरची कंपनी, डावीकडून तिसरी हेमांगी. नयन म्हणाला होता तसंच. एकाखाली एक.

"ताई," हेमांगी माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "खालच्यात मी जरा बारीक दिसतेय ना?"

तोवर आई स्टॉलवरचे अकराच्या अकरा पेपर घेऊन बाजारात पोचल्या होत्या. मासळीला गिऱ्हाईक नाही, म्हणजे बोलायला वेळच वेळ. "बगा गो बायांनो, माजे सुनेचा फोटू दोनदा आयलाय! दोन दोन हापिसांत हाय ती!" रतन धावत गेला आणि पेपर गोळा करायला लागला. नऊ मिळाले. दोन बायका द्यायला तयार होईनात.

ऑफिसांतून मात्र दुपारपर्यंत चकार शब्द नाही. मला कारण ठाऊक होतं. असा फोटो आला की बाई आधी स्वतःला शोधते आणि मग तिथेच थांबते. मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच फोन वाजला. दक्षता मॅडम. हेमांगीने स्पीकर लावला.

"पेपर बघितलास?"

"हो मॅडम."

"मस्त आलाय ना आपला फोटो?"

"हो मॅडम."

"आणि खालच्या फोटोत ती डावीकडून तिसरी, केसांत झेंडू. जुळी बहीण का गं तुझी?"

"हो मॅडम."

मी हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवलं.

"बोलली नाहीस कधी! उद्या आम्ही दुपारी टेंभी नाक्याला देवीला जातोय. तिलाही घेऊन येशील?"

काय म्हणाली ते सांगायला हवं का?

घरात सभा बसली. रतन म्हणाला, "मी नेसतो साडी. लांबून कोण बघतंय?"

"मिशी कुटं ठेवशील रे?" आई म्हणाल्या.

"मग सांगू, ती बाळंतीण आहे."

"नवरात्रात खोटं बाळंतपण? जीभ झडंल तुजी."

मी एवढंच म्हटलं, "हेमांगी, देवीच्या दारात उभं राहून खोटं बोलणार असशील तर मी येणार नाही."

तिने टेबलवरचे दोन्ही लॅपटॉप मिटले. म्हणाली, "ताई, तू ये."

टेंभी नाक्याला ही गर्दी. ओटीची दुकानं, ढोल, हिरव्या साड्याच साड्या. दक्षता मॅडम आपल्या चार जणींसोबत रांगेत उभ्या. मी, हेमांगी, आई त्यांच्यात जाऊन मिसळलो. मॅडमच्या हातात मोगऱ्याचे दोन गजरे.

"एक तुला, एक तिला. कुठाय ती?"

हेमांगीने हातातली ओटी आईंकडे दिली.

"मागे राहिली का रांगेत?"

हो म्हणायला किती सोपं होतं! पुढे मखरात देवी दिसत होती. मी तिच्याकडे बघितलं, आणि माझी जाऊ म्हणाली, "नाही."

मग तिलाच ते आवडलं बहुतेक. नवीन पदार्थ तोंडात घोळवावा तशी पुन्हा म्हणाली, "नाही मॅडम. नाही. मागे नाही, पुढे नाही, जुळी नाहीच. दोन्ही फोटोंत मीच आहे. दोन्हीकडे नोकरी करते. मार्चपासून."

आई मोठ्याने म्हणाल्या, "मी तं येकच आणलेली."

मागून एक बाई ओरडली, "अहो, सरका ना पुढे! जुळी नाही म्हणतेय ना ती?"

आम्ही सरकलो. मॅडमनी दोन्ही गजरे एका हातात घेतले. मग म्हणाल्या, "काल फोन करायच्या आधीच मला कळलं होतं. जुळ्या बहिणींच्या पदरावर इस्त्रीचा डाग एकाच जागी नसतो. तू कुणाला घेऊन येतेस ते बघायचं होतं."

"मॅडम, मी..."

"ऐक. आज राजीनामा दिलास तर तो राजीनामा. शिल्लक रजा आहे, ती नोटिशीत धरायला मी वर सांगते. अनुभवाचं पत्र मिळेल. उद्या हाच पेपर दुसऱ्या कुणी माझ्या टेबलावर ठेवला तर मला चौकशी लावावी लागेल. एवढंच आहे माझ्या हातात."

"आणि ती नोकरी सोडून इथेच राहिले तर?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांना ते आधीपासूनच येत होतं. पण डोळे ओले होते, आणि दोन्ही गजरे त्यांनी हेमांगीच्याच केसांत माळले.

दर्शन झाल्यावर चपलांच्या ढिगाशेजारी उभं राहून तिने फोनवर राजीनामा लिहिला. मग तिथूनच मधु सरांना फोन, सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "आपलं काम कधी अडलं नाही, म्हणून या वेळेला ठेवतो. दुसरी नोकरी सोडली म्हणून ईमेल कर. परत केलंस तर मी विचारणारपण नाही, सरळ काढणार. आणि ऐक, तो झेंडू कुठून आणलेलास? बायको विचारतेय."

दसऱ्याच्या दिवशी थोरलीला परत पाठवायचं होतं. आईंनी त्या लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, झाकणावर साखर ठेवली आणि हेमांगीला म्हणाल्या, "रडू नको गो. नांदली सहा वर्सं." ही रडली, मग साखर खाल्ली, मग हसली.

आता सगळ्यांना नाही म्हणत सुटलीय. रतनने चहा मागितला की नाही. तिसरी भाकरी घे म्हटलं की नाही. गल्लीतल्या भिशीवाल्या बायका तर घाबरून आहेत.

पेपरातलं ते पान आईंनी फ्रेम करून दरवाजासमोर लावलंय. नवीन माणूस आलं की हमखास विचारतं, "या दोघी जुळ्या का?"

"व्हत्या," आई सांगतात. "येक दसऱ्याला राजीनामा देऊन गेली."

आणि आतून हेमांगीचा खणखणीत आवाज येतो, "नाही हो, नाही!"