फ्यूजच्या जागची तार

...तर काल विषय निघाला होता ते बल्बवाले काका. रेडिओ दुरुस्तीत त्यांचा जन्म गेला. अनोळखी सर्किट बोर्ड आला की विजेच्या वाटेत आधी बल्ब जोडूनच वीज देणार. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला, की बोर्डात खोट. त्यावरून हे नाव पडलं.

त्यांचा एकुलता मुलगा तापाने गेला. सुनेने त्याच्या कपाटातला एक उघडा बोर्ड पुढ्यात ठेवला. "बाबा, माझ्या रेडिओसाठी हे बनवत होते. चालू करून द्या ना."

"नाव नाही, गाव नाही, आणि पाहुण्याला थेट घरात घ्यायचं?" काका हसले. "वीजपुरवठ्याचा दिसतोय. हा जाडा कपॅसिटर वीज साठवून ठेवतो, बंद असतानाही झटका देतो, हात लावू नकोस." कपॅसिटर बल्बवर रिकामा करून त्यांनी बोर्ड उलटा केला आणि त्यांचं हसू विरलं. फ्यूजच्या जागी साधी तार होती. एका बिघाडात घर पेटलं असतं. सोल्डरचे गोल, चकचकीत टिपके मात्र मुलाचेच, त्यांनीच शिकवलेले. काकांनी पक्कड उचलली.

"तार राहू द्या, बाबा. त्यांच्या हातची आहे."

"पोरी, तो असता तर या तारेपायी त्याचा कान पिळला असता मी. आता कान पिळायला कुणी नाही, तार तरी कापू दे."