आईचं मनगट

माझा दादा स्वमग्न आहे. पन्नाशीला आला, पण अजून एक शब्द बोललेला नाही. तहान लागली की तो आईचं मनगट धरून तिला माठापाशी न्यायचा. तोंडाकडे मात्र कधी कुणाच्याच पाहायचा नाही. “अगं, हेच त्याचं बोलणं,” आई म्हणायची.

आई गेल्यावर त्याने माझा हात एकदाही धरला नाही. माठापाशी नुसता उभा राहायचा. माणूस आपलं वाटतं ते नेमकं कशामुळे, कोण जाणे.

काल मी आईच्या काचेच्या बांगड्या घातल्या. किणकिण ऐकून तो आला आणि त्याने माझं मनगट धरलं. माठापर्यंत आम्ही सोबत चाललो. मला भरून आलं.

तिथे त्याने मान वर केली. जन्मात पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

आणि हळूच हात सोडून दिला.