मी दडवलेलं पुस्तक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आता माझं तोंड मलाच बघवत नाही.

शेवगावच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. मुलं मला विद्वान समजतात. विद्वान कसला — नंबर एकचा भित्रा!

वीसेक वर्षांपूर्वी सुमन माझ्या वर्गात होती. जवळच्या खेड्यातून एसटीनं यायची, एमएस्सीला पुण्याला जाणार म्हणायची. त्या दिवशी मी फळ्यावर दोन विद्युतभारित कण काढले होते. जवळून जाताना ते एकमेकांना ढकलतात, दोघांवरची बलं सारखी आणि उलटी, म्हणून एकूण मोमेंटम, म्हणजे संवेग, कायम — दरवर्षी हेच सांगत आलो होतो. सुमन उभी राहिली.

"सर, एक कन सरळ दुसऱ्याकडं चाललाय, दुसरा आडवा. मंग चुंबकाचं बल एकावरच लागतंय, दुसऱ्यावर न्हाई. ऱ्हायलेलं मोमेंटम गेलं कुठं?"

कुठं गेलं? मला माहीतच नव्हतं. "उद्या बघून सांगतो" — एवढं म्हणायला काय जात होतं माझ्या बापाचं? तिनं वहीत काढलेली आकृती मी वर्गाला दाखवली, तिच्यावर लाल फुली मारली आणि म्हणालो, तुला फिजिक्सचं डोकंच नाही. मुलं हसली. मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं!

इथवर नुसता माज होता. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन जाड पुस्तक उघडलं. पोरीचंच बरोबर होतं. उरलेलं मोमेंटम कणांभोवतीच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रात असतं. ते धरलं तरच बेरीज जुळते. त्या पुस्तकाची कॉलेजात एकच प्रत. ती मी माझ्या नावावर घेतली — वाचायला? छे! सुमनच्या हाती लागू नये म्हणून. ती दोनदा स्टाफरूमच्या दारात आली, पुस्तक मागायला. हरवलं, म्हणालो. पुस्तक माझ्या कपाटात होतं आणि किल्ली माझ्या खिशात. तिनं एमएस्सीचा अर्ज भरलाच नाही. वर्षाच्या आत लग्न झालं.

गेल्या जूनमध्ये त्याच स्टाफरूममध्ये अकरावीच्या प्रवेशांचं काम माझ्याकडे होतं. समोर सुमन, शेजारी तिची मुलगी. दहावीला विज्ञानात सत्त्याण्णव मार्क, आणि अर्जावर कला शाखा. असं का, मी विचारलं — विचारलं तरी कशाला!

"हिला सायन्सच पायजे हुतं, सर. पन आमच्यात ते डोकं न्हाई. तुमीच सांगितलं हुतं की."

टोमणा नव्हता तो. अगदी विश्वासानं म्हणाली. मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं, अजूनही आहे. सुमन, तुझंच बरोबर होतं — एवढंच बोलायचं होतं. किती वेळ लागला असता?

मी अर्जावर सही केली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.