बॉनेटची ऊब

माझी जुनी गाडी मेव्हण्याला, विलासला विकताना, तो येण्याआधीच मी इंजिन तापवून ठेवले होते; थंड असताना ती सुरूच होत नसे. हे मी बारा वर्षे लपवले.

आज स्वस्तातली गाडी पाहायला मी त्यालाच सोबत नेले. त्याने बॉनेटवर तळहात ठेवला.

"दाजी, गरम आहे. आत्ताच बंद केलीय."

"घ्यायची तर घ्या, नाहीतर निघा!" मालक खेकसला.

"फसवायला लाज नाही वाटत?" मी ओरडलो. विलास मात्र माझ्याकडेच पाहत राहिला.

मी बॉनेटला हात लावला. पत्रा निवत चालला होता. एवढ्याशा उबेपायी विलासने किती थंड सकाळी गाडी ढकलली असेल?

"विलास, तुला विकताना मीही हेच केलं होतं. माझं चुकलं. मला माफ कर."