काळ्या ग्लासातलं जांभूळ

आमच्याकडे मालवणी मसाला भाजायला दोन माणसं लागतात. एक गॅसपाशी आणि एक बाहेरच्या खोलीत. कढईशी उभ्या असलेल्याचं नाक धुराने बधिर होतं, म्हणून धणे झाले की नाही हे त्याने ठरवायचं नसतं. बाहेर बसलेल्याने वास घ्यायचा आणि वेळ झाली की 'उतरव' म्हणायचं. ही आईची पद्धत. गावाहून ती गिरणगावातल्या खोलीत आली आणि तिथून आमच्या बोरीवलीच्या फ्लॅटमध्ये. बाहेर बसायचं काम लहानपणापासून माझं. आई गेली, कढईपाशी बायको आली, मी खुर्चीवरच राहिलो. नातेवाइकांत माझ्या नाकाचं कौतुक होतं. दुसरं कौतुक करण्यासारखं माझ्यात फारसं नाही, म्हणूनही असेल.

दोन-अडीच वर्षांपूर्वी मला ताप आला होता. ताप गेला, पण वास परत आला नाही. जिभेला गोड, आंबट, तिखट कळायचं, त्याच्या पलीकडे सगळं कोरं. मी कोणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, येईल आठवड्याभरात. मग आठवडे झाले आणि इतके दिवस का बोललो नाही, याचं उत्तर द्यायची लाज वाटायला लागली. तशी मला कमी बोलायची सवय आहेच. त्या सवयीच्या आड बरंच काही लपतं.

मसाल्याच्या वेळी मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायचो, कढईतला रंग बघायचो, परत येऊन 'उतरव' म्हणायचो. पहिल्या उन्हाळ्यात निभावलं. गेल्या उन्हाळ्यात बायको कढईवर वाकून उभी होती, मला नीट दिसलं नाही. अंदाजाने सांगितलं, ते उशिरा सांगितलं. धणे जळले. तिचं नाक धुराने मेलेलं, आणि माझ्यावर तिचा विश्वास.

डंकावरून कुटून आणलेला मसाला कडू निघाला. ती मला घेऊन तरातरा डंकावर गेली. मसाला कुटून देणारा तो माणूस आम्हाला वर्षानुवर्षं ओळखतो.

"आधीच्या घाण्यातलं काय मिसळलंत यात?" ती म्हणाली.

"वहिनी, मी डंक पुसल्याशिवाय दुसऱ्याचा माल टाकत नाही. धणे जळलेत तुमचे."

"आमच्याकडे धणे जळत नाहीत. ह्यांना विचारा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या डब्याचं झाकण घट्ट करत राहिलो. घट्ट झालेलंच होतं. त्या दिवसापासून आम्ही डंक बदलला, आणि मी ती गल्ली टाळून स्टेशनला जायला लागलो.

हे असं चाललेलं असताना यंदा एका रविवारी दुपारी मेहुण्याने आम्हाला अंधेरीला नेलं. एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात त्याच्या ओळखीची चार तरुण मंडळी मीड बनवतात. मीड म्हणजे मधाची दारू. मध, पाणी आणि यीस्ट, वर फळाचा रस. बायको दारूच्या नावाने नाक मुरडते, पण मेहुणा म्हणाला, "ताई, मध आहे गं. औषधासारखा घे." ती म्हणाली, "औषध चमच्याने घेतात." आणि आली.

गाळ्यात स्टीलच्या उंच टाक्या होत्या, लांब टेबल होतं, आमच्यासारखी आणखी दहाबारा माणसं होती. पहिल्या दोन चवी सोप्या गेल्या. एक पिवळी, एक गुलाबी. मी बाकीच्यांचे चेहरे बघून मान हलवली. मग ओतणाऱ्या मुलीने काळे, आतलं काही न दिसणारे ग्लास मांडले.

"आता रंग नाही दिसणार," ती म्हणाली. "नुसत्या वासावर फळ ओळखायचं. कोण सांगतंय?"

"आमच्या ह्यांना विचार," बायको म्हणाली. "अख्ख्या खानदानाचे धणे ह्यांच्या नाकावर भाजले जातात."

"मग काका, तुम्हीच."

मी ग्लास नाकाशी धरला. पाण्याचा ग्लास धरल्यासारखं वाटलं. सगळे बघत होते, म्हणून घोट घेतला. गोड, मग थोडं आंबट. आणि गिळल्यावर जीभ जाड झाली, टाळूला चिकटल्यासारखी झाली. गावी शाळेच्या मागे झाडाखाली बसून पोटभर खाल्ल्यावर व्हायची, अगदी तशी. वास नव्हताच. फक्त ती ओढ होती, तोंडाच्या आतल्या कातडीला बसलेली.

"जांभूळ," मी म्हणालो.

"परफेक्ट," मुलगी म्हणाली. टाळ्या पडल्या. मेहुण्याने पाठीत थाप घातली. बायको शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, "मी म्हटलं ना? आमचा मसाला त्या डंकवाल्याने बिघडवला, ह्यांनी नाही."

सुटलो होतो खरं तर. पण ते वाक्य ऐकलं आणि मी ग्लास खाली ठेवला.

"मला वास येत नाही," मी म्हणालो.

"कशाचा?"

"कशाचाच नाही. त्या तापापासून. हे जिभेच्या तुरटपणावरून ओळखलं. धणे मीच जाळले. डंकवाल्याचं बरोबर होतं."

मुलीने बाटली टेबलावर ठेवली. मेहुणा म्हणाला, "म्हणजे भावोजी, तुमच्याकडे आल्यावर मी बूट बाहेर गॅलरीत काढून ठेवतो, ते फुकटच?" कोणी हसलं नाही. बायको माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता धण्यांचं काढणार.

"दूध उतू जाऊन गॅस विझला होता," ती हळू म्हणाली. "मी बाजारातून आले तेव्हा घरभर वास होता आणि तुम्ही खुर्चीत बसून मोबाईल बघत होतात. तेव्हा?"

"तेव्हाही."

"मी तुम्हाला मोबाईलवरून बोलले."

"मी बोलू दिलं."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग अचानक म्हणाली, "थांबा. परवा भात लावला, तेव्हा दारातूनच म्हणालात, आंबेमोहोराचा काय वास सुटलाय."

"कुकर दिसला म्हणून."

"आंबेमोहोर नव्हताच तो. रेशनचा तांदूळ होता." आणि तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मेहुणा हसला, मग ती मुलगीही. मी ग्लास संपवला. इतकं निवांत काही प्यायलो नव्हतो कित्येक दिवसांत.

दुसऱ्याच दिवशी तिने गॅस गळला तर शिट्टी मारणारं यंत्र आणून स्वयंपाकघरात बसवलं आणि मला कानाच्या-नाकाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही, वास हुंगायचा सराव करत राहा. रोज सकाळी लवंग, लिंबू हुंगतो. अजून तरी काही नाही.

डंकावर मात्र मी एकटा गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, तिथे पोचल्यावर एवढंच आलं, "धणे जळलेले होते. माझ्याकडून. मी तेव्हा गप्प बसलो."

त्याने फडक्याला हात पुसले. "वहिनींना सांगितलंत?"

"हो."

"त्यांनाच घेऊन या मग. तुमची माफी मी काय करू? माझ्याशी त्या भांडल्यात." मग म्हणाला, "आणि मिरची देठं काढून आणा. गेल्या खेपेला तशीच होती."

ती डंकावर जाऊन आली. काय बोलली मला ठाऊक नाही, मी विचारलं नाही. येताना पिशवीत त्याच्याकडची हळद होती.

या उन्हाळ्यात आम्ही जागा बदलल्या. मी कढईशी, ती बाहेर खुर्चीवर. धुराने बधिर व्हायला माझं नाक शिल्लकच नाही, त्यामुळे हे काम मला जमतं. मिरचीचा ठसका तेवढा लागतो, तो कोणाला चुकलेला नाही. धणे परतताना रंगाकडे बघायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. खिडकीबाहेर बघत कालथा फिरवत राहिलो.

"उतरवा," ती बाहेरून म्हणाली.

मी उतरवली.