शेजारणीच्या कॅलेंडरावरचे बावन्न दिवस

गेल्या वर्षीची एकतीस ऑगस्ट, रविवार. रक्कम आठ हजार तीनशे वीस रुपये. हजर तिघं: मी, माझी बायको आणि शेजारची आक्का.

आक्का निपाणी सोडून इचलकरंजीला मुलाकडे कायमची राहायला निघाली होती. भिंतीवरचं कॅलेंडर काढून ती आमच्याकडे घेऊन आली. जानेवारीपासून बावन्न तारखांभोवती पेन्सिलीचे गोल होते. त्या दिवशी माझ्या बायकोचं डोकं दुखत होतं आणि तिच्या वाट्याच्या विड्या आक्कानं वळल्या होत्या. दिवसाला आठशे विड्या, मजुरी एकशे साठ.

विडी कारखान्याच्या कार्डावर बाईचं नाव असलं की तिचा फंड जमतो, पुढे पेन्शन मिळते. ठरलेला माल वारंवार कमी पडला तर नाव जातं. म्हणून एकीचं अडलं की दुसरी तिच्या कार्डावर वळून देते. हे गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. मला नव्हतं.

मी खताच्या दुकानात हिशेब लिहितो, घरचाही लिहितो. बायको आठवड्याची मजुरी माझ्या हातात द्यायची आणि ती पूर्ण असायची. खिडकी लावून, कपाळाला ओला पंचा बांधून ती पडलेली मी पाहिली होती. तंबाखूचं सूप शेजारी ठेवलं तरी तिला उलटी यायची, तेही पाहिलं होतं. बेळगावच्या डॉक्टरांना दाखवू, असं ती दोनदा म्हणाली. मी म्हणालो, मजुरीत रुपया कमी नाही, मग डोकं दुखतं कधी, सुट्टीला? दुकानातही मी हे हसत सांगितलं होतं.

म्हणजे आठ महिने आक्काची मजुरी मी आमची म्हणून जमेला धरत होतो आणि त्याच आकड्यावरून बायकोला खोटी ठरवत होतो.

मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "तुमी कार्डच बंद कर म्हणला असता."

म्हणालो असतो. तिची चौदा वर्षं त्या कार्डावर होती.

आक्का म्हणाली, "पैशाचं हुईल सावकाश, अण्णा. उद्यापासनं हिचं कोण वळणार, ते सांगा आदी."

मंगळवारी आम्ही बेळगावला गेलो. कर्नाटकच्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, माझं लागलं. कॅम्पातल्या डॉक्टरांनी आधी कानडीत, मग मराठीत विचारलं, महिन्यातून किती दिवस दुखतं? मी वीस वर्षं वह्या ठेवतो, हा आकडा एकाही वहीत नव्हता. बायकोनं पिशवीतून कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. डॉक्टरांनी एकेक पान उलटून गोल मोजले. किती दिवस गोळ्या घेता, तेही विचारलं. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या ती महिन्यातले पंधरा-सोळा दिवस खात होती. हेही मला तिथंच कळलं. ही अर्धशिशी आहे, म्हणाले, आणि इतक्या गोळ्यांनीही डोकेदुखी वाढते. त्या थांबवून त्यांनी दुसरं औषध लिहून दिलं.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. कार्डाची काळजी होती, म्हणून दुकानातून आल्यावर मी विडीची पानं कापायला बसलो, म्हणजे दुखणं उतरलं की तिला नुसतं वळायचं उरेल. माझी पानं वाकडी जायची, ती पडल्या पडल्या ओरडायची. डिसेंबरात तीन दिवस दुखलं. पूर्ण थांबलेलं नाही. तीन दिवसांची तूट ती त्याच आठवड्यात भरते, कार्ड चालू आहे.

जानेवारीत आम्ही दोघं इचलकरंजीला गेलो. आक्कानं पैसे मोजले आणि चारशे ऐंशी परत केले. आक्काचा गुडघा सुजला तेव्हा तीन दिवस माझ्या बायकोनं तिच्या कार्डावर वळलं होतं, त्याचे पैसे तिनं वजा केले. बायकोला ते आठवतही नव्हतं.

शेवटी दिले ते असे: डॉक्टरांना दोन खेपांचे बाराशे, औषधाला महिना नऊशे चाळीस, आणि आक्काच्या हातात सात हजार आठशे चाळीस. ते बायकोनं दिले, मी नाही.