विरुद्ध बाजूचे वकील

जगातल्या प्रत्येक भांडणात समोरच्याचंही काहीतरी बरोबर असतं, असं पोटतिडकीनं मानणारा एकच वकील मी पाहिला आहे. त्यांची वकिली का चालत नव्हती, हे कळायला मला जेमतेम आठवडा लागला. ते माझ्या वडिलांचे शाळासोबती. वडील कन्नड गावी मास्तर होते. मी बी.ए. झाले तेव्हा पोलीस ॲक्शनला वीसेक वर्षं उलटली होती. औरंगाबादेत मुली कॉलेजात दिसू लागल्या होत्या, काळ्या कोटात मात्र एकही दिसत नव्हती. ही उणीव आपल्या मुलीनं भरून काढावी, असं वडिलांनी ठरवलं. मला वर्तमानपत्रात लिहायचं होतं. घरात बराच वाद झाला आणि शेवटी तोड निघाली. मी वर्षभर या मित्राच्या ऑफिसात काम करायचं आणि वर्षअखेर मित्र सांगेल ते दोघांनी मानायचं. म्हणजे माझ्या आयुष्याचा निकाल वकीलसाहेबांच्या हाती होता. पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की, निकाल देणाऱ्याशी पक्षकारानं खासगीत बोलू नये, सबब वर्ष संपेपर्यंत हा विषय बंद.

ऑफिस गुलमंडीवर, एका कापड दुकानाच्या माडीवर होतं. तिथं साहेब, त्यांचे म्हातारे मुन्शीजी आणि पक्षकारांसाठी एक लांबलचक बाक एवढा सरंजाम होता. साहेब हैदराबादेत उर्दूतून कायदा शिकलेले. कोर्टाची भाषा बदलली तरी वादी-प्रतिवादी हे शब्द त्यांच्या जिभेवर रुळले नाहीत. मुद्दई आणि मुद्दालेह हेच राहिले, आणि मुन्शीजींच्या तोंडी पक्षकार हा मुवक्किलच. त्यांची कामाची एक रीत होती आणि तिच्यात त्यांनी कधी सूट दिली नाही. पक्षकार आला की त्याची हकिकत शेवटपर्यंत ऐकायची, त्याला चहा पाजायचा आणि मग उठून, त्याच्याच समोर, विरुद्ध बाजूचे वकील म्हणून उभं राहायचं. पक्षकाराची बाजू मी लढवायची. एरवी मला नावानं हाक मारणारे साहेब तेवढ्यापुरतं मला ‘माझे विद्वान मित्र’ म्हणत आणि अहोजाहो करत. ते कसलेले, मी नवखी. विद्वान मित्र रोज हरत.

या तालमीचा हेतू कोर्टात फजिती टाळण्याचा होता. परिणाम असा होई की पक्षकार कोर्टापर्यंत पोचतच नसे. पिशोरचे एक पाटील एकदा तावातावानं आले. त्यांच्या बांधावरच्या चिंचेच्या फांद्या शेजाऱ्यानं परस्पर तोडल्या होत्या आणि त्याला आत टाकल्याशिवाय गावात तोंड दाखवणार नाही, असं ते सांगून निघाले होते. साहेबांनी चहा पाजला आणि ते शेजाऱ्याच्या वतीनं उभे राहिले. झाड पाटलांचं, चिंचा पाटलांच्या, मात्र सावली शेजाऱ्याच्या ज्वारीवर. सावलीखालची कणसं पोचट. पाखरं चिंचेवर बसणार आणि दाणे शेजाऱ्याचे टिपणार. शेजाऱ्यानं इतकी वर्षं कुऱ्हाड उचलली नाही, याला सोशिकपणा म्हणायचं की गुन्हा? मी काहीबाही उत्तर दिलं. पाटील मात्र टोपी काढून विचारात पडले होते.

“साहेब, इतकं तर तो सोताबी बोल्ला नाय,” ते म्हणाले. “मंग चूक आमचीच व्हय की.”

ते आले तसे गेले. हंगामाला पिशोरहून एक पोतं चिंच आली, दोघांनी मिळून पाठवलेली. साहेबांचा आनंद गगनात मावेना. मुन्शीजींनी पोत्याला पाय लावून अंदाज घेतला आणि छताकडे बघत ते म्हणाले, “साब, अपने कू मुवक्किल हौना. इमली नक्को.”

ही खोड ऑफिसपुरती नव्हती. एकदा साहेबांची सायकल नाहीशी झाली. त्यांनी मला बसवून पोलीस ठाण्यासाठी कडक तक्रार सांगितली आणि ती पुरी होताच चोराची बाजू मांडायला घेतली. सायकलीला कुलूप नव्हतं. ऊन रणरणतं होतं. पायी निघालेल्या थकल्या माणसाला रिकामी सायकल दिसली. कायमची न्यायचा इरादा कुठं साबित होतो? संध्याकाळपर्यंत चोर निर्दोष सुटला आणि तक्रार फाटली. दुसऱ्या दिवशी सायकल कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभी सापडली. साहेब आदल्या दिवशी सायकलवर कोर्टात गेले होते आणि विचाराच्या तंद्रीत चालत परतले होते. हकनाक कुणाला गोवलं नाही, म्हणून ते दिवसभर खुशीत होते. घरी त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, तर भांडायचीच पंचाईत. त्या म्हणत, “मी तोंड उघडायच्या आत माझी बाजू हेच मांडतात, वर माझ्यापेक्षा चांगली. मग मी भांडू कशाला?”

एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावांना ते एकाच टांग्यात कोंबून दौलताबादेला नेत आणि किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळं खायला बसवत. दोन्ही हात आणि तोंड गुंतलं की माणसाला शिव्या देता येत नाहीत, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो बऱ्याचदा खरा ठरे. त्यामुळं बाकावर माणसं दिसत ती बहुधा खटला मिटल्याचे पेढे घेऊन आलेली असत.

वर्ष संपलं. वडील सकाळच्या गाडीनं येणार होते. आदल्या दुपारी साहेब खुर्ची मागं सारून उभे राहिले.

“उद्या मास्तर येतोय. तेव्हा आज विद्वान मित्रांनी मास्तरची बाजू मांडावी. तुमची मी मांडतो.”

मी थोडी हसतच सुरुवात केली आणि आत्यापाशी आल्यावर थांबले. वडिलांच्या या धाकट्या बहिणीला सासरच्यांनी घराबाहेर काढलं होतं. दावा लावला तेव्हा वडील तिच्याबरोबर वकिलाकडे गेले. समोर परका पुरुष, शेजारी भाऊ, भोवती कारकून. तिच्यावर काय गुजरलं ते तिच्या तोंडून निघालंच नाही. दावा गेला. तिथं एखादी बाई वकील असती तर आत्या बोलली असती, असं वडील आजही मानतात, आणि म्हणून त्यांना मुलगी वकील व्हायला हवी आहे. हे मला ठाऊक होतं. पण त्यांच्या बाजूनं उभं राहून मी ते कधी म्हटलं नव्हतं. माझी बाजू मांडायला उभे राहिलेले साहेब खाली बसले. वर्षभरात मी जिंकलेला तो एकमेव मुकदमा.

“बेटी,” मुन्शीजी हळूच म्हणाले, “तुम तो खुद कूच हरा दिये.”

साहेबांनी विचारलं, “पटलं?”

“पटलं.”

“मग वकील व्हायचं?”

“नाही. आत्यासारख्या बायांचं कुठं छापूनच येत नाही. ते लिहावं, असं जास्तच वाटायला लागलंय.”

साहेब उठले, खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले.

सकाळी वडील आले. चहा झाला, गावच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी विचारलं, “बोल वकील, पोरगी वकिलीच्या लायकीची आहे का नाही?”

“आहे,” साहेब म्हणाले. “काल तिनं मला गप्प केलं.”

वडिलांचा चेहरा उजळला.

“पण मास्तर, तिला समोरच्याची बाजू लई लवकर पटते. अशा माणसाची वकिली चालत नाय.” मग सगळ्या पक्षकारांसाठी केलेल्या त्या लांबलचक रिकाम्या बाकाकडे त्यांनी बोट केलं. “माझीच बघ की.”

त्यांची वकिली चालत नाही, हे सारी गुलमंडी बोले. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं. वडील गडबडले. तुझं बरं चाललंय की, असं काहीतरी पुटपुटले.

“मास्तर, खोटी साक्ष देऊ नको,” साहेब हसून म्हणाले. “तिला पेपरात जाऊ दे. दोन्ही बाजू ऐकणारं माणूस तिथं तरी खपेल.”

वडिलांनी शब्द पाळला. त्याच दुपारी मी सामान आवरलं. जिन्याखाली एक नवी पाटी भिंतीकडे तोंड करून टेकवलेली होती. मी ती फिरवून पाहिली. वर साहेबांचं नाव नव्या ठसठशीत अक्षरांत होतं. खाली आणखी एका नावाची जागा कोरी होती आणि अक्षरं सरळ यावीत म्हणून पेंटरनं तिथं खडूच्या दोन रेघा ओढल्या होत्या. मुन्शीजी माझ्या मागं जिन्यावर उभे होते. त्यांनी पाटी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवली.

पुढं ती तशीच लागली. मी बातमीदार झाल्यावर कामानिमित्त पुष्कळदा गुलमंडीवरून जाई आणि तेवढ्यासाठी मान वर करी. खडू पावसानं धुऊन गेला होता. पाटीचा खालचा भाग मोकळा का, असं नवा कुणी विचारी. साहेब सांगत, पेंटरचा अंदाज चुकला.